सायकलवारी : आधी पंक्चर, मग कोकण

दोस्तांनो,

या आठवड्यातल्या पत्रांच्या गठ्ठ्यात साताऱ्याहून एक पत्र आलंय. पत्र लिहिणारा नववीत आहे. त्याला दिवाळीच्या सुट्टीत अलिबाग ते रत्नागिरी सायकलनं जायचंय. हायवेनं नाही बरं का, समुद्राकाठच्या आतल्या रस्त्यानं. आणि एकट्यानं! आई 'नको' म्हणते, बाबा 'आईला विचार' म्हणतात. म्हणून शेवटी त्यानं मला गळ घातलीय, ''काका, तुम्ही आईला दोन ओळी लिहा ना!''

लिहितो की! ही घ्या पहिली ओळ : ताई, तुमचं बरोबर आहे, चौदाव्या वर्षी एकट्यानं नको, कुणीतरी मोठं माणूस बरोबर हवंच. आणि ही दुसरी : पण तयारी मात्र त्याला एकट्याला करू द्या.

पहिली ओळ वाचून तुमचा चेहरा पडला ना? थांबा. मी एकट्यानं गेलो होतो, तेव्हा काय झालं ते आधी ऐका.

१९९४ सालचा डिसेंबर. मी वीस वर्षांचा, कॉलेजात. पुण्याहून निघताना घरी एवढंच सांगितलं, ''कोकणात चाललोय, रोज रात्री फोन करीन.'' रस्ता कुठला, मुक्काम कुठे, काही नाही. मलाच कुठे ठाऊक होतं! तीन रात्री फोन केला. तिसऱ्या रात्री म्हणालो, ''उद्या चिपळूणच्या बाजूला असेन बहुतेक.''

चौथ्या दिवशी दापोलीहून दाभोळकडे येताना पंक्चर झालं. ट्यूब काढली, ठिगळ लावलं, हवा भरली, निघालो. दोन किलोमीटरवर पुन्हा फुस्स! पुन्हा ट्यूब काढली, तर भोक जवळजवळ त्याच जागी. काटा टायरमध्येच रुतून बसला होता आणि मी टायर आतून चाचपलाच नव्हता. आता सोल्युशनची नळी उघडतो तर ती पार वाळलेली. सायकल ढकलत ढकलत दाभोळच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा अंधार पडला होता. पलीकडे धोपाव्याला जाणारी शेवटची होडी निघून गेली होती. (गाड्या नेणाऱ्या फेरीबोटी तिथे फार नंतर आल्या.) फोनवाल्याकडे गेलो तर लाइन बंद. एका दुकानदारानं ओट्यावर झोपायला जागा दिली, वर चहाही दिला. मी मजेत झोपलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी गुहागरहून फोन केला. आईनं उचलला. म्हणाली, ''बाबा तुला शोधायला गेलेत. पहाटेच्या एस.टी.नं. चिपळूणला.''

मोबाइल नव्हते तेव्हा. बाबांना 'मी ठीक आहे' हे कळवायला काहीही मार्ग नव्हता. मी एस.टी.च्या टपावर सायकल चढवली आणि तसाच घरी आलो. बाबा आले दुसऱ्या दिवशी रात्री अकराला. तोवर मी दाराकडे बघत बसलो होतो. वाट बघणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. बाबांनी चपला काढल्या, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, ''पुढच्या वेळी गावांची नावं लिहून ठेवून जा.''

दोस्तांनो, बाबा 'पुढच्या वेळी' म्हणाले होते. म्हणूनच आज मी तयारीबद्दल लिहितोय. एकट्यानं जाणं म्हणजे कुणालाही न सांगता जाणं नव्हे. चूक झाली तर ती आपली आपल्याला निस्तरता येणं, म्हणजे एकट्यानं जाणं. त्यासाठी पाच परीक्षा आहेत. मार्क तुमचे तुम्हीच द्यायचे.

परीक्षा पहिली : पंक्चर. घरच्या अंगणात, दुकानदाराच्या मदतीशिवाय. चाक काढा, टायरची एक कड सोडवा, ट्यूब बाहेर घ्या, तिच्यात हवा भरून पाण्याच्या बादलीत बुडवा. बुडबुडे येतील तिथे भोक. ती जागा पुसून कोरडी करा, काचपेपरनं घासा, सोल्युशन पातळ लावा. आता इथेच सगळे घाई करतात! सोल्युशनची ओली चमक जाईपर्यंत थांबा, मगच ठिगळ दाबून बसवा. आणि ट्यूब परत घालायच्या आधी टायर आतून सगळीकडे हळूच बोटांनी चाचपा. काटा, काच, तार, जे असेल ते काढा. ही एक गोष्ट मी विसरलो, त्यापायी माझ्या बाबांना चिपळूण स्टँडवर रात्र काढावी लागली. सोल्युशनची नळी नवी घ्या, आणि एक जादा ट्यूब जवळ ठेवाच. टायरमध्ये हवा कमी असेल तर खड्ड्यात आपटून ट्यूब रिमखाली चिमटते आणि काट्याशिवायही पंक्चर होतं, म्हणून रोज सकाळी हवा तपासायची.

परीक्षा दुसरी : सायकल. सीटवर बसा आणि टाच खाली गेलेल्या पेडलवर ठेवा. गुडघा सरळ झाला पाहिजे. वाकलेला राहिला तर सीट खाली आहे, आणि दोन दिवसांत गुडघे बोलायला लागतील. ब्रेकचे रबर झिजलेत का, केबलचे धागे तुटायला लागलेत का, ते बघा. लांबच्या उतारावर फक्त पुढचा ब्रेक करकचून दाबू नका; दोन्ही ब्रेक थोडे दाबा, सोडा, पुन्हा दाबा. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नव्हे. शिवाय समुद्राकाठची हवा खारी, तिथे चेन लवकर गंजते. रोज संध्याकाळी चेन फडक्यानं पुसून थोडं तेल द्यायचं. जास्त नको, त्याला धूळ चिकटते.

परीक्षा तिसरी : पाय आणि ओझं. नकाशात हा रस्ता समुद्राला चिकटून जातो, म्हणजे सपाट असणार असं वाटतं ना? फसू नका! गाव खाडीच्या तोंडाशी. तिथून चढ चढून जांभ्या दगडाच्या सड्यावर यायचं, सडा ओलांडला की उतार, आणि खाली पुढची खाडी. पुन्हा चढ. दिवसभर हाच खेळ. सामान लादलेल्या सायकलवर अशा रस्त्याला सरासरी ताशी १० ते १२ किलोमीटर धरा. म्हणजे ४५ किलोमीटरला चार ते साडेचार तास नुसतं पेडल मारणं. चहा, पाणी, फोटो वेगळे. डिसेंबरात सूर्य संध्याकाळी सहाच्या सुमारास मावळतो. म्हणून सकाळी उजाडताच निघा आणि दुपारी चारपर्यंत मुक्कामाला पोचा. हातात दोन तास शिल्लक असले की पंक्चरचं संकट होत नाही, नुसती गोष्ट होते.

आधी सहा आठवडे सराव करा. दर रविवारी थोडं अंतर वाढवा. शेवटच्या दोन रविवारी पूर्ण सामान लादून जा. सामान पाठीवर नको, कॅरिअरवर, शक्य तितकं खाली आणि दोन्ही बाजूंना सारखं. दोरीची टोकं चाकात जाणार नाहीत असं बांधा. घरी आलात की पिशवी उघडून बघा, जे वापरलंच नाही ते पुढच्या वेळी घरी ठेवा. दोनच गोष्टींना हा नियम लागू नाही, पंक्चरचं सामान आणि औषधाचा डबा. त्या वापराव्या लागल्या नाहीत तर उत्तमच.

पाण्याचं विसरू नका. तहान लागायची वाट न बघता थोडं थोडं पीत राहायचं. जुलाब झाले किंवा उन्हानं गळून गेलात तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून घोट घोट प्या. आईला हे प्रमाण पाठ असेल, तुम्हीही करा.

परीक्षा चौथी : नकाशा. भूगोलाचा तास आठवा! भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १ : ५०,००० प्रमाणाच्या नकाशात २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर. रस्त्याच्या वळणांवरून एक दोरा ठेवत जा, मग तो सरळ करून पट्टीनं मोजा. अंतर मिळालं. आता चढ. या नकाशात दोन समोच्च रेषांमध्ये २० मीटर उंचीचा फरक असतो. रस्त्यानं एकामागून एक चढत्या उंचीच्या पाच रेषा ओलांडल्या तर साधारण १०० मीटरचा चढ. रेषा एकमेकींना खेटून असतील तर चढ खडा. परीक्षेत दोन मार्कांसाठी पाठ केलेल्या रेषा इथे तुमच्या पोटऱ्यांशी बोलतात!

अलिबाग ते रत्नागिरी या वाटेवर चार ठिकाणी पाणी ओलांडायचं आहे : आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड. आता चारही ठिकाणी फेरीबोट आहे, सायकलही चढते. पण पहिली आणि शेवटची बोट किती वाजता, हे आदल्या दिवशी विचारून घ्या. बोट चुकली तर खाडीला लांबलचक वळसा पडतो. आणि हो, जयगड ओलांडलंत की गणपतीपुळ्याच्या अलीकडे मालगुंड लागेल. कवी केशवसुतांचं हे जन्मगाव. तिथे त्यांचं स्मारक आहे. तिथे थांबल्याशिवाय पुढे जाऊ नका.

परीक्षा पाचवी : कागद. सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत महत्त्वाची. एका कागदावर रोजचा रस्ता, रोजच्या मुक्कामाचं गाव आणि तिथल्या ओळखीच्या माणसाचा किंवा उतरायच्या जागेचा फोन नंबर लिहा. रोज फोन करायची वेळ ठरवा. आणि फोन नाही आला तर घरच्यांनी किती तास थांबायचं, मग कुणाला फोन करायचा, तेही लिहा. आता मोबाइल आहे, खरं. पण खाडीच्या उतारात रेंज जाते आणि बॅटरी नेमकी हवी तेव्हा संपते. कागदाची बॅटरी संपत नाही. बेत बदलला तर आधी कळवायचं, मग वळायचं. या कागदाची एक प्रत घरच्या कॅलेंडरला, एक तुमच्या खिशात.

''पण काका, एकट्यानं जायला मिळणार कधी?''

आयर्लंडमध्ये डर्व्हला मर्फी नावाची एक मुलगी होती. १९४१ साली दहाव्या वाढदिवसाला तिला एक जुनी सायकल आणि एक नकाशासंग्रह भेट मिळाला. थोड्याच दिवसांनी एक टेकडी चढताना, फिरणाऱ्या पायांकडे बघत तिनं ठरवलं, असेच पाय मारत राहिलं तर मी भारतात पोचेन! पण घरी आजारी आई होती, तिची सेवा करायची होती. डर्व्हला निघाली ती १९६३ च्या जानेवारीत, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. वाटेतल्या गावांना जादा टायर आधीच पाठवून ठेवले होते. एकटीच निघाली आणि त्याच वर्षी दिल्लीला पोचली. एकवीस वर्षं थांबली म्हणून तिचा बेत शिळा झाला नाही.

तुम्हाला एवढं थांबायचं नाहीये. मामा, काका, सायकल चालवणारे सर, कुणीतरी मोठं शोधा. रस्ता तुम्ही काढा, पंक्चर तुम्ही काढा, कागद तुम्ही लिहा. त्यांनी फक्त मागून यायचं. अशा दोनतीन सहली झाल्या आणि तुम्ही अठरा वर्षांचे झालात की आईला माझ्या चिठ्ठीची गरजच उरणार नाही.

पालकांसाठी एकच ओळ : अंगणात बादली सांडेल, हात काळे होतील, पहिलं ठिगळ सुटेल, तेव्हा कृपा करून 'दे इकडे, मी करतो' असं म्हणू नका.

या आठवड्याचा गृहपाठ : मागचं चाक काढून, ट्यूब बाहेर घेऊन, टायर चाचपून सगळं परत बसवायचं. घड्याळ लावा. किती मिनिटं लागली ते पत्रानं कळवा. खरं कळवा हं! पहिल्यांदा मला पाऊण तास लागला होता.

साताऱ्याच्या दोस्ता, तुझ्या पत्राची आधी वाट बघतोय.

तुमचा,
सायकलकाका