टँकर वस्तीत उतरला पाहिजे!

कळंबला लागून असलेल्या बाभूळगाव तालुक्यात बेंबळा धरण उभे आहे. तरीही उन्हाळा तापला की यवतमाळ जिल्ह्यातील गावे टँकरची वाट पाहतात. धरण भरले म्हणून गरिबाचा माठ भरत नाही, हे राज्यकर्त्यांना कोण सांगणार?

टंचाईग्रस्त गावात टँकरने माणशी रोज २० लिटर पाणी द्यावे, हा शासनाचा निकष. २०१९ च्या जलजीवन मिशनने नळाने ५५ लिटरचे आश्वासन दिले. २० लिटर म्हणजे जेमतेम दोन घागरी! १०,००० लिटरचा टँकर ५०० माणसांना एक दिवस पुरतो. जुनाट ट्रक वाटेत बंद पडला की तेवढ्यांचे घसे कोरडे.

आमचा खरा सवाल पुढचा आहे. पुष्कळ गावांत टँकर सार्वजनिक विहिरीत रिकामा होतो. ज्याचे घर जवळ आणि हाताशी माणसे, त्याचे ड्रम आधी भरतात. गावाच्या टोकाच्या वस्तीतील मजूर बाई कामावरून परतते, तेव्हा तळाचा गाळ उरतो. तिला कोणी अडवत नाही, पण वाटाही मिळत नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले, ते समतेसाठी. ती समता घागरीत दिसली पाहिजे.

म्हणून आमची मागणी आहे : कळंब पंचायत समितीने टंचाईच्या गावांत प्रत्येक वस्तीत तोट्यांची टाकी बसवावी, टँकर तिच्यात उतरवावा आणि खेपेच्या नोंदीवर वस्तीतील महिलांच्या सह्या घ्याव्यात. बांधवांनो, ग्रामसभेत हा ठराव मांडा. प्रत्येक खेपेचा हिशेब मागा!