कर्कीचे ऋण केव्हा फेडणार?

आज पाच नोव्हेंबर. मराठी रंगभूमीचा हा दिवस सांगलीत जितक्या अगत्याने पाळला जातो तितका अन्यत्र क्वचितच पाळला जात असेल, आणि ते स्वाभाविकही आहे. १८४३ साली याच नगरीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. आज त्यांच्या प्रतिमेस हार घातला जाईल, एका ज्येष्ठ रंगकर्मीचा गौरव होईल, भाषणे होतील. त्या भाषणांत भाव्यांचे नाव येईल, सांगलीचे अधिपती श्रीमंत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांचे येईल. मात्र एका गावाचे नाव बहुधा कोणीच घेणार नाही. ते गाव म्हणजे कर्की, आजच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील होन्नावर तालुक्यातले.

१८४२ साली या कर्कीची भागवत मंडळी आपले खेळ घेऊन सांगलीस आली. खेळ कानडी, ढंग यक्षगानाचा. आप्पासाहेबांनी ते पाहिले. त्यांना ते आवडलेही आणि ओबडधोबडही वाटले, असे सांगतात. असे काही, पण याहून नीटस, आपल्या भाषेत होईल काय, असा प्रश्न त्यांच्या मनात आला आणि तो त्यांनी पदरी असलेल्या तरुण विष्णुपंतांपुढे टाकला. वर्षभरात ‘सीतास्वयंवर’ उभे राहिले. ज्या रंगभूमीचा अभिमान आपण आज मिरवतो तिच्या मुळाशी एका परभाषिक, परमुलखातील नाटकमंडळीचा फेरा आहे, आणि त्या मंडळीला वेशीवर न अडवता वाड्यात बोलावणारा एक राजा आहे. हे दोन्ही घडले नसते तर आजचा दिवस कोणत्या तारखेस पाळावा लागला असता, कोण जाणे!

आम्ही संस्थानी राजवटीचे गोडवे गाण्यास बसलेलो नाही. राजाश्रय म्हणजे राजाची मर्जी, आणि मर्जी राजाच्या आयुष्याइतकीच टिकणार. १८५१ साली आप्पासाहेब निवर्तले आणि भाव्यांचा आधार तुटला. मंडळी पदरी, खर्च डोक्यावर आणि दरबाराचा हात आखडलेला, अशा स्थितीत त्यांना गावोगाव फिरावे लागले. १८५३ साली ते मुंबईस पोहोचले व तेथे तिकीट लावून त्यांनी खेळ केले. मराठी नाटकाचा प्रेक्षक या वणवणीतून तयार झाला हे खरे. परंतु म्हणून कलावंताला वणवण करायला लावणे हेच उत्तम धोरण, असा निष्कर्ष कोणी काढू नये. मर्जीच्या जागी नियम यावा आणि राजाच्या जागी लोकांचे सरकार यावे, हीच आपल्या सर्वांची इच्छा होती. ती फळास आली. प्रश्न इतकाच की, राजाने जे मर्जीने केले ते सरकारला नियमाने का करता येऊ नये?

कारण कर्कीची गोष्ट एकटी नाही. मराठी नाटकमंडळ्या धारवाड-हुबळीकडे जाऊ लागल्या, तेथील रसिक त्यांच्यामागे वेडे झाले, आणि या मराठी वर्चस्वाला उत्तर म्हणून १८७० च्या दशकात गदगच्या शांतकवींनी कानडी नाटकमंडळी उभी केली. म्हणजे कर्कीने सांगलीला दिले, सांगलीने ते गदगला परत केले. ‘शाकुंतल’कर्ते अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. मराठी रंगभूमीवर स्त्रीभूमिका गाजवणारे सवाई गंधर्व कुंदगोळचे. त्यांची मातृभाषा कानडी. त्यांचे गुरू अब्दुल करीम खाँसाहेब तर पार उत्तरेकडील किराण्याचे. ते आले, मिरजेत राहिले, आणि आज मिरजेतच मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या परिसरात विसावले आहेत. सवाई गंधर्वांचे शिष्य पंडित भीमसेन जोशी गदगकडून निघून पुण्याचे झाले. त्यांनी मराठी ‘संतवाणी’ गायिली, कानडी ‘दासवाणी’ही गायिली, आणि २००८ साली त्यांना भारतरत्न जाहीर झाले तेव्हा ‘ते आमचे’ असे म्हणण्यात दोन्ही राज्यांनी मुळीच कसूर केली नाही. फार काय, ज्या मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले त्याचा भोपळा मंगळवेढ्याकडचा असतो आणि लाकूड कर्नाटकच्या रानातले. तंबोरा जुळवताना दोन राज्ये एकत्र येतात. मंत्रालयात व विधानसौधात तेवढी ती येत नाहीत!

हे सारे घडले तेव्हा या मुलखात हद्दी थोड्या होत्या असे नव्हे. उलट सांगली निराळी, मिरज निराळी, जमखंडी निराळी, मध्येच इंग्रजी मुलूख. एका दिवसाच्या प्रवासात तीन-चार राजवटी ओलांडाव्या लागत. तथापि प्रत्येक हद्दीपलीकडे कलावंताला नवा आश्रयदाता भेटण्याची आशा असे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यरचना झाली, हद्दी कमी झाल्या, आणि आश्चर्य असे की हद्द ओलांडणारा कलावंत तेव्हापासून दोन्हीकडून पोरका होऊ लागला.

पोरका म्हणजे कसा, ते सांगतो. महाराष्ट्र सरकारने २०१० साली सांस्कृतिक धोरण जाहीर केले; २०२४ साली नव्या धोरणाला मान्यता दिली. धोरण असणे ही चांगलीच गोष्ट आहे. वृद्ध कलावंतांना मानधन देण्याची योजनाही आहे आणि २०२४ मध्ये ते मानधन दरमहा पाच हजार रुपये करण्यात आले. परंतु ही योजना राज्याच्या रहिवाशांसाठी. कर्नाटकातही कलावंतांना मासाशन मिळते. तेही त्या राज्याच्या रहिवाशांना. आता समजा, अथणी तालुक्यातल्या एखाद्या खेड्यातील एक म्हातारा चौंडकेवाला आहे. सौंदत्तीच्या यल्लमाची गाणी तो जन्मभर गात आला. अर्धी मराठी, अर्धी कानडी. किंबहुना एकाच गाण्यात दोन्ही. त्याचे ऐकणारे मिरज, जत, कवठेमहांकाळ या भागांतले, कारण यल्लमाचे भक्त या भागात घरोघर आहेत. त्याची कला महाराष्ट्राने ऐकली, त्याची शिधापत्रिका मात्र कर्नाटकची. इकडचा कारकून म्हणतो, “तुम्ही आमचे रहिवासी नाही.” तिकडची समिती विचारते, “तुम्ही कार्यक्रम कोठे केलेत, त्याचे पुरावे आणा.” पुरावे सगळे इकडचे, आणि त्यांवरील मजकूर मराठी. दोन्ही कार्यालये नियमाने वागतात आणि दोन्ही नियमांच्या मधल्या फटीत म्हातारा पडतो.

महाराष्ट्राच्या या योजनेला राजर्षी शाहू महाराजांचे नाव दिले आहे. महाराजांच्या दरबारी गवई अल्लादिया खाँसाहेब होते. ते राजपुतान्यातून आले होते. कोल्हापुरात पाऊल टाकताना खाँसाहेबांपाशी कोणत्या तहसीलदाराचा दाखला होता, हे योजनेचे नियम लिहिणाऱ्यांनी एकदा आम्हांस सांगावे.

सीमेपलीकडे सरकारी मदत जातच नाही, असे नाही. महाराष्ट्र ज्या ८६५ गावांवर आपला हक्क सांगतो तेथील लोकांसाठी २०२३ साली राज्याने आपली आरोग्य योजना लागू केली. कर्नाटकने त्यावर आक्षेप घेतला. कर्नाटकही महाराष्ट्रातील कानडी संस्थांना हात देत असते, आणि मग इकडून आक्षेप निघतो. सीमाप्रश्नाबद्दल आमचे मत वाचकांस ठाऊक आहे. ते बदललेले नाही. २००४ पासून तो प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आहे आणि तेथे न्याय मिळावा यासाठी आम्ही पूर्वीइतकेच आग्रही आहोत. पण याच आग्रहाच्या अधिकाराने आम्ही एक कटू गोष्ट बोलू इच्छितो. उभय सरकारांची सीमेपलीकडे जाणारी मदत ही कलेला नसते, दाव्याला असते. मराठीत गाणाऱ्याला महाराष्ट्राने द्यायचे, कानडीत गाणाऱ्याला कर्नाटकने द्यायचे. आणि जो दोन्ही भाषांत गातो तो कोणाच्याच दाव्याला उपयोगी पडत नाही, म्हणून त्याला कोणीच द्यायचे नाही. वस्तुतः या मुलखाची खरी कला त्याच्याच कंठात आहे.

आणि मदत राहो, निदान वाट तरी मोकळी असावी! डिसेंबर २०२२ मध्ये सीमावाद पेटला तेव्हा बेळगावजवळ महाराष्ट्राच्या वाहनांवर दगड पडले, पुण्यात कर्नाटकच्या गाड्यांना काळे फासले गेले. सीमाभागातील साहित्य संमेलनांना निघालेल्या पाहुण्यांना कर्नाटकच्या पोलिसांनी वाटेत अडवल्याचे प्रकारही घडले आहेत. अशा वेळी नेपथ्य, पेट्या आणि वीस माणसे घेऊन निघालेल्या नाटकाच्या गाडीचे काय होत असेल, याचा विचार कोणी केला आहे? अखिल भारतीय परवाना नसलेली गाडी राज्याबाहेर न्यायची म्हणजे निराळा परवाना, निराळा कर. त्यात दगडाची भीती. प्रयोगाचे उत्पन्न ते कितीसे? मग व्यवस्थापक शहाणपणाने ठरवतो की, बेळगावचा प्रयोग नको. बेळगावचा मराठी रसिक एका नाटकाला मुकतो, आणि त्याच्या हक्कांसाठी आपण इकडे मोर्चे काढतो. गोव्याच्या वाटेवर हा ताण नाही ही समाधानाची बाब. जत्रांच्या हंगामात सिंधुदुर्गातील दशावतारी मंडळ्या पेडणे, बार्देशात जातात, रात्रभर खेळ करतात आणि परततात. त्यांना देवाचे आणि गावाचे निमंत्रण पुरते. मात्र वृद्धापकाळी त्यांतला एखादा नट मानधनाचा अर्ज करील तेव्हा गोव्यात रंगवलेल्या त्याच्या शेकडो रात्री कोणत्या रकान्यात लिहायच्या, हा पेच तेथेही आहेच.

आमच्यावर एक आक्षेप येईल, आणि तो पोकळ नाही. आपल्याच राज्यातील तमासगीर, शाहीर, वाघ्यामुरळी अर्धपोटी असताना परराज्यातल्यांची चिंता कशाला? यावर आमचे म्हणणे असे की, जो मिरजेच्या आणि जतच्या माणसांसाठी तीस वर्षे गायिला तो परराज्यातला कसा? त्याचे घर परराज्यात आहे इतकेच. शिवाय आम्ही दान मागत नाही, हिशेब मागतो. मानधन ठरवताना कलावंत कोठे राहतो यासोबत त्याने कोठे सेवा केली हेही मोजावे. सेवा दोन राज्यांत झाली असेल तर भार दोन राज्यांनी निम्मानिम्मा उचलावा, म्हणजे कोणी दोनदा घेणार नाही आणि कोणी उपाशी राहणार नाही. सीमावर्ती जिल्ह्यांत अशी माणसे मोजकीच निघतील. खजिन्याला भोक पडेल अशी भीती दाखवणाऱ्यांनी आधी त्यांची मोजणी करावी.

यासाठी नवे मंडळ, नवा अध्यक्ष, नवी मोटार, असा घाट घालण्याची गरज नाही. केंद्र सरकारने १९८० च्या दशकात देशात सात विभागीय सांस्कृतिक केंद्रे काढली. त्यांतील नागपूरच्या दक्षिण-मध्य केंद्राचे महाराष्ट्र आणि कर्नाटक हे दोघेही सदस्य आहेत, आणि उदयपूरच्या पश्चिम केंद्रात महाराष्ट्र व गोवा शेजारी बसतात. ज्यांची घरे एकमेकांना लागून आहेत त्यांनी भेटायला नागपूर-उदयपूर गाठावे, हा भूगोल चमत्कारिक खरा. पण व्यासपीठ आहे. त्याचा उपयोग दिल्लीच्या पाहुण्यांपुढे लोकनृत्ये नाचवण्यापुरता न करता सांगली, कोल्हापूर, सोलापूर, बेळगाव, विजापूर, धारवाड या सहा जिल्ह्यांत दरवर्षी खेळांचे फेरे लावण्यासाठी करावा. या फेऱ्यांतील गाड्यांचा कर उभय राज्यांनी माफ करावा आणि बंदोबस्ताची जबाबदारी ज्याच्या हद्दीत खेळ असेल त्या सरकारने लेखी पत्करावी. सर्वोच्च न्यायालयातील दाव्याला यातील कशानेही बाध येत नाही. येत असेल तर कसा, ते कायदेपंडितांनी सांगावे. आम्ही ते छापू.

हे मुंबई-बंगळुरूला जेव्हा सुचेल तेव्हा सुचेल. सांगलीने थांबावे असे मात्र आम्हांस वाटत नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यात आजही यक्षगानाचे खेळ रात्ररात्र चालतात. पुढील वर्षीच्या पाच नोव्हेंबरला कर्की-होन्नावरकडची एक मंडळी सन्मानाने सांगलीस बोलावावी, भावे नाट्यमंदिरात तिचा खेळ व्हावा, कानडीतच व्हावा, आणि तिच्या बिदागीचा व प्रवासाचा भार या शहराने उचलावा. सोहळ्याच्या चालकांनी हे मनावर घेतल्यास वर्गणीच्या यादीत पहिले नाव आमचे लिहावे. हाती बारा महिने आहेत. निमंत्रणाचे पत्र कानडीत लिहून देणारी माणसे शोधण्यास फार लांब जावे लागणार नाही. ती मिरजेतच भेटतील.