पोच

मराठीत काही शब्द असे आहेत की त्यांचे दोन अर्थ शेजारी शेजारी नांदतात. 'पोच' हा त्यांपैकी एक. पाठवलेली वस्तू मिळाली असे कळवणे म्हणजे पोच देणे. आणि समोरच्या माणसाशी कसे वागावे याची समज, तीही पोचच. 'त्याला काही पोच नाही' असे आपण म्हणतो तेव्हा त्या माणसाला अक्कल कमी आहे असे सुचवायचे नसते. त्याला दुसऱ्याची कदर नाही, एवढेच म्हणायचे असते. घरोघर पार्सले पोचवणारी आजची व्यवस्था घ्या किंवा विमानतळावर आपल्या पिशवीतील वस्तू काढून घेणारी व्यवस्था घ्या; या दोन्हींतून दोन्ही अर्थांची पोच हळूहळू नाहीशी होत चालली आहे, असे माझे मत आहे.

कोणी म्हणेल, देशापुढे बेकारी आहे, दुष्काळ आहे, आणि या विद्यार्थ्याला हरवलेल्या पार्सलाची आणि खोबऱ्याच्या वाट्यांची चिंता पडली! आक्षेप मान्य आहे. वस्तू क्षुल्लकच असतात. पण आपल्याकडे जुन्या लोकांनी सांगून ठेवले आहे की म्हातारी मेल्याचे दुःख नाही, काळ सोकावतो. दोनशे रुपयांच्या वस्तूबद्दल 'का?' असे विचारण्याची सवय गेली, की दोन लाखांच्या बाबतीतही तो प्रश्न ओठांवर येत नाही.

प्रथम टपालाकडे पाहू. जुने ते सारे सोने होते असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. १८९८ च्या भारतीय टपाल कायद्याच्या सहाव्या कलमात सरकारने स्वच्छ सांगून टाकले होते की टपालातील वस्तू हरवली, चुकीच्या हाती गेली, उशिरा पोचली किंवा मोडली, तरी सरकारने स्वतः होऊन स्पष्टपणे जबाबदारी घेतली नसेल तर ते भरपाई देणे लागत नाही. पुढे २०२३ चा नवा टपाल कायदा आला; त्यानेही हे कवच बहुतांशी तसेच ठेवले. तेव्हा कायद्याने फार काही दिले होते अशातला भाग नाही.

तरीही जुन्या व्यवस्थेत एक गोष्ट होती. पत्र परत आले तर त्यावर पोस्टमनच्या हाताने शेरा लिहिलेला असे : 'घर बंद', 'गाव सोडून गेले', 'घेण्यास नकार'. खाली तारीख आणि सही. अक्षर लागत नसेल, पण ते एका माणसाचे अक्षर होते, आणि तो माणूस दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीत सायकल हाणीत येणार होता. शेरा खोटा असेल तर त्याला अडवून विचारता येत होते. वस्तू परत पाठवण्यापूर्वी ती काही दिवस पोस्टात ठेवली जाई. चिठ्ठी घेऊन जा, खिडकीवर सही करा, घेऊन या. ज्या पत्राला ना पुढे धनी सापडे ना मागे, त्याच्यासाठीसुद्धा एक कचेरी होती. पूर्वी तिला 'डेड लेटर ऑफिस' म्हणत. तेथील माणसे पत्र उघडून पाठवणाऱ्याचा पत्ता शोधीत. मेलेल्या पत्राचीही कोणीतरी दखल घेत होते!

पत्ता सापडण्याची अडचण आपल्याकडे पूर्वापार आहे. एकट्या महाराष्ट्रात वडगाव किती आणि पिंपळगाव किती, हे मोजायला बसले तर दिवस जाईल. त्यावर तोड काढली ती श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने. दळणवळण मंत्रालयात काम करणारे हे गृहस्थ संस्कृतचे पंडित आणि कवी होते, हे आपल्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकड्यांचा पिनकोड सुरू झाला. पहिल्या आकड्यात विभाग, आणि शेवटच्या तीन आकड्यांत थेट आपले टपाल कार्यालय. आता २०२५ मध्ये टपाल खात्याने 'डिजिपिन' आणला आहे. त्यात सारा देश सुमारे चार मीटर लांबीरुंदीच्या चौकोनांत विभागला असून प्रत्येक चौकोनाला दहा अक्षरांचा संकेत आहे. म्हणजे आपले अंगणच काय, अंगणातील तुळशीवृंदावनही आता नकाशावर वेगळे दाखवता येईल.

घर सापडण्याची सोय इतकी झाली. मग गाडे अडते कोठे?

माझाच अनुभव सांगतो. परिसंवादासाठी लागणारी दोन पुस्तके मी मागवली होती. ज्या दिवशी ती यायची त्या दिवशी आजी ओट्यावर तांदूळ निवडीत बसली होती, धाकटा भाऊ अंगणात खेळत होता आणि मी दारातच खुर्ची टाकून वाचत होतो. दुपारी चार वाजता फोनवर संदेश आला : 'आमचा प्रतिनिधी येऊन गेला. ग्राहक उपलब्ध नव्हता.' आजीला वाचून दाखवला. ती म्हणाली, "अरे, मग मी इथं कोण बसलेय?" दुसऱ्या दिवशी तोच संदेश, तिसऱ्या दिवशीही तोच. तक्रारीच्या क्रमांकावर फोन केला तर यंत्र बोलू लागले : यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा. मी दाबीत गेलो. माझ्या अडचणीचा आकडा त्यात नव्हताच. चौथ्या दिवशी पुस्तके 'ग्राहकाच्या अनुपलब्धतेमुळे' परत गेली. पैसे परत मिळाले. ते नाकारण्यात अर्थ नाही. परिसंवाद मात्र पुस्तकांवाचून झाला. घरात तीन माणसे असताना घर रिकामे असल्याची नोंद कोणी केली, हे मला आजतागायत कळलेले नाही.

यात दोष त्या पोऱ्याचा, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला ते पटत नाही. आपल्याच महाविद्यालयातील काही मुले तास संपल्यावर पाठीवर मोठी पिशवी अडकवून हे काम करतात. त्यांना विचारा. बहुतेकांना मोबदला नगामागे मिळतो. पेट्रोल स्वतःचे, गाडी स्वतःची. दिवसभरात इतकी पार्सले संपवायची असा हिशेब ठरलेला. सायंकाळ होते, पिशवीत दहा-बारा नग उरलेले असतात आणि हातातील यंत्र दोनच पर्याय देते : वस्तू दिली, किंवा ग्राहक भेटला नाही. 'मला वेळ पुरला नाही' असा पर्यायच नसेल तर मुलाने खरे बोलायचे कोठे? त्याचा खोटेपणा त्या यंत्रातच आधी लिहून ठेवलेला असतो. तो फक्त बोट लावतो. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने 'गिग कामगार' हा शब्द कायद्यात आणला. शब्द आला, आता त्याच्यामागून माणसाचे माप येवो, एवढीच इच्छा.

आता विमानतळाकडे वळू. येथे आधी एक गोष्ट कबूल केली पाहिजे : तपासणी ही काही उगाच केलेली छळवणूक नाही. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे 'कनिष्क' विमान समुद्रावर फुटले आणि ३२९ माणसे मेली. स्फोटके एका बॅगेत होती. ज्याच्या नावाने ती बॅग चढवली तो प्रवासी विमानात बसलाच नव्हता. डिसेंबर १९९९ मध्ये आपले विमान पळवून कंदाहारला नेले गेले आणि त्यानंतर आपल्या विमानतळांचा पहारा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे जाऊ लागला. २००६ च्या ऑगस्टमध्ये लंडनहून निघणारी विमाने द्रव स्फोटकांनी उडवण्याचा कट उघडकीस आला. त्यातून शंभर मिलिलिटरचा तो प्रसिद्ध नियम जन्मला. तेव्हा ज्या बरणीमुळे आपण चिडतो त्या बरणीमागे खरोखरीचे भय आहे.

पण नियमाला कारण असणे वेगळे आणि ते कारण माणसाला सांगणे वेगळे. माझी मावशी मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघाली. बरोबर डिंकाचे लाडू, आळीव, आणि तेथे गेल्यावर आणखी लाडू करता यावेत म्हणून खोबऱ्याच्या वाट्या. मोठी बॅग यंत्रातून गेली आणि तिला बाजूला बोलावले. बॅग उघडली, लुगड्यांच्या घड्या विसकटल्या, आणि वाट्या काढून टोपलीत टाकल्या. तिने विचारले, "अहो, खोबऱ्यात काय वाईट आहे?" उत्तर मिळाले, "यादीत आहे." बस्स. एवढेच.

गंमत अशी की कारण अगदी साधे आहे, आणि ते मावशीला कोणाहीपेक्षा लवकर कळले असते. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर. ते साठ्यात दाबून राहिले, ओल लागली, की आपोआप तापते आणि पेटूही शकते. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या यादीत त्याला स्वतंत्र क्रमांक आहे : १३६३. जिने उभा जन्म कोकणात काढला, खोबरे उन्हात वाळवले, खवट वास आला की डबा उघडून वाऱ्यावर ठेवला, तिला हे दोन वाक्यांत सांगितले असते तर तिने स्वतःच्या हाताने वाट्या काढून दिल्या असत्या. तिची खंत खोबरे गेल्याची नव्हती. "मी काहीतरी चोरून नेतेय असं वाटलं त्यांना," हे ती फोनवर पुन्हा पुन्हा सांगत होती.

नियम हे वेदवाक्य नव्हे, हेही अनुभवाने सिद्ध झाले आहे. अमेरिकेत सर्व प्रवाशांना बूट काढायला लावण्याची सक्ती २००६ पासून होती. ती २०२५ च्या जुलैत उठवली. एडिंबरा येथे नवी यंत्रे बसल्यावर त्याच वर्षी शंभर मिलिलिटरची अटही सैल झाली. म्हणजे काल जी बाटली संशयास्पद होती ती आज निरुपद्रवी ठरली. बाटली तीच, यंत्र नवे. हे जर खरे, तर नियम सांगणाऱ्याने किंचित नम्रतेने सांगावा, अशी अपेक्षा करणे गैर आहे काय?

आणि मावशीला त्या वाट्यांची पावती मिळाली नाही. आपल्या कायद्याला पावती ठाऊक नाही असे नव्हे. पोलीस एखादी वस्तू जप्त करतात तेव्हा पंचनामा होतो. सीमाशुल्क कायद्याच्या ऐंशीव्या कलमाप्रमाणे प्रवाशाने एखादी वस्तू प्रामाणिकपणे दाखवली, तर ती ठेवून घेऊन देश सोडताना परत देण्याची सोय आहे. चोराच्या घरातील भांड्याचा पंचनामा होतो आणि मावशीच्या खोबऱ्याचा होत नाही! कारण म्हणे ते जप्त केलेले नसते. ते प्रवाशाने 'आपण होऊन सोडलेले' असते. दारात विमान उभे, मागे रांग, पुढे लेकीचे बाळंतपण. या अवस्थेत जे सोडले त्याला 'आपण होऊन' म्हणायचे, म्हणजे शब्दांचीही जप्तीच झाली.

पार्सलाच्या बाबतीत तर कायद्याने पोच हा शब्दच जणू उचलून धरला आहे. ऑनलाइन व्यापारासंबंधी ग्राहक संरक्षणाचे २०२० चे नियम सांगतात की तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांच्या आत तक्रारीची पोच द्यावी आणि एका महिन्यात तिचे निवारण करावे. १९१५ या क्रमांकाची राष्ट्रीय ग्राहक साहाय्य सेवाही आहे. पण होते काय, की पोच येते ती यंत्राची. क्षणार्धात येते, अत्यंत गोड भाषेत येते, आणि तिच्यावर कोणाचीही सही नसते. ज्या पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायत सुरू केली, त्याच महाराष्ट्रात आपण सुशिक्षित मुलेमुली 'जाऊ दे, कोण मागे लागणार!' म्हणून तक्रार अर्धवट सोडतो. एक रेवडी फुकट मिळाली नाही तर भांडणारे आपण, हक्काची पोच मागायला मात्र लाजतो.

मग मागायचे काय? माझ्या मते तीनच गोष्टी. एक, वस्तू नाकारली वा परत गेली तर त्याचे कारण माणसाला कळेल अशा भाषेत, म्हणजे महाराष्ट्रात तरी मराठीत, मिळावे. दोन, त्या कारणाखाली कोणाचे तरी नाव किंवा बिल्ला क्रमांक असावा. तीन, काढून घेतलेल्या वस्तूची साधी चिठ्ठी असावी, आणि खर्च प्रवाशाने सोसून ती घरी परत पाठवण्याची सोय असावी. यात सुरक्षेला बाध येत नाही की व्यापार बुडत नाही. यंत्रे इतकी शहाणी झाली आहेत की चार मीटरचा चौकोन ओळखतात. त्यांना 'मला वेळ पुरला नाही' हा तिसरा पर्यायही शिकवता येईल.

राहता राहिलो आपण. आपल्यापैकी कोणी उद्या सुरक्षा दलात भरती होईल, कोणी स्पर्धा परीक्षा देऊन खिडकीच्या आतल्या बाजूला बसेल, कोणी ती यादी तयार करणाऱ्यांतही असेल. त्या वेळी समोर कोणाची तरी मावशी उभी राहील आणि विचारील, "अहो, यात काय वाईट आहे?" तेव्हा 'यादीत आहे' या उत्तरावर थांबू नका. आणखी दोन वाक्ये बोला. आणि आज, ज्यांच्या दारातून पार्सल परत गेले आहे त्यांनी कंटाळा न करता तक्रार लिहावी, खाली आपले नाव घालावे, आणि उत्तराखालीही नाव मागावे.

— तृतीय वर्ष, कला