घरची मोटार आणि शेवटचें आसन

पुण्याच्या एका वाचकांनीं पत्र लिहून आमचा सल्ला विचारला आहे. त्यांचें कुटुंब एकत्र असून घरांत माणसें नऊ : स्वतः पत्रलेखक, त्यांची पत्नी, दोन मुलगे, दोन सुना आणि चौदा, दहा व सहा वर्षांचीं तीन नातवंडें. सर्वांनाच डोंगर-किल्ल्यांचा नाद आहे. पावसाळ्यांत घाटमाथा, हिवाळ्यांत एखादा गड आणि वैशाखांत कोंकणांतलें मूळ घर, असा त्यांचा वर्षाचा क्रम ठरलेला. आजवर हीं मंडळी कांहीं एस. टी. नें व कांहीं घरच्या लहान मोटारीनें जात. आतां मोठी गाडी घ्यावयाचें ठरलें असून खर्चाची मर्यादा बारा लाखांची आहे. धाकटे चिरंजीव चारही चाकांस गति देणाऱ्या डोंगरी गाडीचा आग्रह धरून बसले आहेत, थोरल्यांस नऊच्या नऊ माणसें एकाच गाडींत बसावीं असें वाटतें, आणि सुना कांहींच बोलत नाहींत, असें पत्रलेखक कळवितात. हें शेवटचें वाक्य त्यांनीं सहज लिहिलें असावें; आम्हांस मात्र सगळा प्रश्न त्यांतच दडलेला दिसतो.

प्रथम, साहस कोणी करावयाचें, माणसांनीं कीं मोटारीनें, हें ठरविलें पाहिजे. सह्याद्रींतील बहुतेक गडांवर मोटार जात नाहीं, व हें आपलें भाग्यच. कळसूबाईचें शिखर १,६४६ मीटर उंच आहे. पण गाडीचें काम बारी गांवापर्यंत. तोरण्यास जाणाऱ्यानें वेल्ह्यास उतरावें, राजगडास जाणाऱ्यानें गुंजवणें किंवा पाली येथें, हरिश्चंद्रगडास जाणाऱ्यानें पाचनई अगर खिरेश्वर येथें. रायगडीं जाणाऱ्याची गाडी पायथ्याशींच राहते. पुढें पायऱ्या किंवा रोपवे. माथेरानास तर मोटारींना मज्जावच असून त्या दस्तुरी नाक्यावर थांबतात. दरवाज्याच्या जवळपर्यंत सडक गेलेला सिंहगडासारखा गड हा अपवाद. तेव्हां या कुटुंबाच्या गाडीस करावयाचें काम असें : पहाटे माणसें, त्यांच्या पिशव्या, दोऱ्या, पाणी व शिदोरी पायथ्याच्या गांवापर्यंत न्यावयाची, आणि सायंकाळीं तींच माणसें दमलेलीं, भिजलेलीं, अर्धवट झोपेंत असलेलीं, धुक्यांतून व पावसांतून घाट ओलांडून घरीं सुखरूप आणावयाचीं. जाण्याच्या वाटेचें कौतुक सर्वांस असतें. जपावयाचें तें परतीच्या वाटेवर, कारण गाडी हांकणाराही दिवसभर चढून-उतरून थकलेला असतो.

धाकट्या चिरंजिवांच्या मनांतल्या गाडीचें आकर्षण आम्ही समजूं शकतों. दुसऱ्या महायुद्धांत नांवारूपास आलेली विलीज जीप १९४७ पासून मुंबईंत महिंद्रांकडे जुळविली जाऊं लागली, आणि डोंगर म्हटला कीं जीप, हें समीकरण आपल्याकडे रूढ झालें. तिच्याच परंपरेंतली थार २०२० सालीं नव्या रूपांत आली. जमिनीपासून तिची उंची २२६ मिलिमीटर आहे. चिखल, वाळू, गोटे यांस ती जुमानीत नाहीं. परंतु तींत माणसें बसतात चार. पांच दारांची थार रॉक्स २०२४ मध्यें निघाली, तींत पांच. त्याच वर्षीं आलेली फोर्स कंपनीची पांच दारांची गुरखा सातांस नेते, पण तिची किंमत आरंभींच अठरा लाखांच्या घरांत होती.

शिवाय चारही चाकांस गति देण्याच्या योजनेची मर्यादा नीट समजून घ्यावी. चिखलांत दोन चाकें नुसतीं गरगरूं लागलीं म्हणजे उरलेलीं दोन गाडी बाहेर काढतात, हा तिचा गुण निर्विवाद आहे. परंतु ब्रेक प्रत्येक मोटारीच्या चारही चाकांस असतात. ओल्या उतारावर गाडी थांबविण्याच्या कामीं या योजनेचा उपयोग नाहीं. तेथें कामास येतात त्या टायरांवरील खोल खांचा, हांकणाऱ्याचा संयम आणि खालच्या गिअरांत उतरण्याची संवय. ताम्हिणी, वरंध किंवा कुंभार्ली घाट उतरतांना ब्रेक सारखा दाबून धरला तर तो तापतो व त्याची पकड ढिली होते. खालच्या गिअरांत इंजिनच गाडीस आवरून धरतें. ही विद्या फुकट मिळते आणि कोणत्याही गाडीस लागू पडते. वर्षांतून चार दिवसांच्या चिखलासाठीं पांच माणसें कायमचीं घरीं ठेवावयाचीं, हा हिशेब आम्हांस पटत नाहीं.

आतां बारा लाखांच्या आंतल्या सात आसनी गाड्यांकडे वळूं. चार मीटरांपर्यंत लांबीच्या व लहान इंजिनाच्या गाड्यांवरील कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवर आला. त्याहून मोठ्यांस ४० टक्के. रेनोची ट्रायबर व महिंद्रांची बोलेरो पहिल्या वर्गांत पडतात, मारुतीची अर्टिगा दुसऱ्या. २०२५ च्या अखेरीस ट्रायबरचा सर्वांत साधा प्रकार सहा लाखांच्या आंत, बोलेरोचा आठ लाखांच्या आसपास व अर्टिगाचा नऊ लाखांच्या आसपास मिळत होता. ही दुकानांतली मूळ किंमत. रस्ताकर, नोंदणी व विमा यांचे लाख-दीड लाख निराळे धरावे.

ट्रायबरची युक्ति अशी, कीं तिचीं मागचीं दोन आसनें काढून घरीं ठेवतां येतात. मग पांच माणसें आणि ६२५ लिटर सामान असा ऐसपैस संसार तींत मावतो. परंतु सातही आसनें लावलीं म्हणजे सामानास उरते ८४ लिटर जागा, म्हणजे दोन पाठपिशव्या व एखादा डबा. इंजिन ९९९ सी. सी. चें; सात माणसें भरून घाट चढतांना तें धापा टाकतें. अर्टिगाचें इंजिन १,४६२ सी. सी. चें, आणि सात बसूनही मागें २०९ लिटर जागा राहते. मात्र सीएनजीची अर्टिगा घेतल्यास टाकी नेमकी तीच जागा बळकावते. इंधनाची बचत मोठी खरी. पण सामान मग टपावर जातें, गाडीचा तोल वर सरकतो आणि वळणावर ती अधिक झुकते. ज्यांस सहकुटुंब डोंगरांत जावयाचें आहे त्यांनीं हा व्यवहार दोनदां तोलून पाहावा.

बोलेरो २००० सालापासून खेड्यापाड्यांतून चालते आहे. सांगाड्यावर बांधलेली, १,४९३ सी. सी. च्या डिझेल इंजिनाची ही गाडी मागच्या चाकांनीं ढकलली जाते. चढावर भार मागें सरकतो, त्यामुळें तिच्या मागच्या चाकांची पकड वाढते. ट्रायबर व अर्टिगा पुढच्या चाकांनीं ओढल्या जातात, आणि भरलेल्या गाडीचीं तीं चाकें चढावर हलकीं होऊन ओल्या मातींत घसरूं लागतात. कोंकणांतल्या घरापर्यंतची शेवटची वाट कच्ची व चढाची असेल, तर हा फरक प्रत्यक्ष जाणवतो. परंतु बोलेरोचीं शेवटचीं दोन आसनें पुढें तोंड करून नाहींत. तीं दोन बाजूंस समोरासमोर आहेत. तशा आसनावरील माणसाचा झोंक ब्रेक लागतांच बाजूस जातो व त्यास सांवरणें कठीण पडतें. "पत्रा जाड, म्हणून गाडी भक्कम," असें पुष्कळ जण म्हणतात. पण तिचीच बहीण बोलेरो निओ हिला २०२४ सालीं ग्लोबल एनकॅपच्या धडकेच्या कसोटींत पांचांपैकीं एकच तारा मिळाला, प्रौढांसाठींही व मुलांसाठींही. पत्र्याच्या जाडीवरून आंतल्या माणसाचें रक्षण ठरत नाहीं. आपल्या देशांत १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅपची कसोटी सुरू झाली आहे. तींत मुलांच्या रक्षणाचे तारे निराळे देतात. जी गाडी घ्यावयाची तिचे ते तारे अवश्य पाहावे.

येथें आम्ही सुनांच्या मौनाकडे येतों. गाडी पाहावयास गेलें म्हणजे वडील माणूस हांकणाऱ्याच्या शेजारीं बसून पाहतें, मुलगे इंजिनाचें झांकण उघडतात, नातवंडें भोंगा वाजवितात. शेवटच्या ओळींत बसून कोणी पाहत नाहीं. आणि गाडी घरीं आल्यावर त्या ओळींत जातें कोण? मुलें, त्यांस सांभाळणारी आई, आणि तिच्या मांडीवर डब्यांची पिशवी. तेथें गुडघे छातीशीं येतात. ट्रायबर-अर्टिगांत त्या ओळीची कांच खालीं होत नाहीं. मागच्या चाकांच्या वर बसल्यामुळें प्रत्येक खड्डा थेट पाठीस लागतो आणि घाटांत मुलांस उलट्या होतात. पुढें बसलेल्यांस यांतलें कांहींच कळत नाहीं. त्यांस वाटतें, प्रवास झकास झाला. ज्या घरांत वडिलांपुढें बोलण्याची रीत नाहीं, त्या घरांत वडिलांनींच विचारावयाचें असतें.

गैरसोय एक वेळ सोसतां येईल; पण हा जिवाचा प्रश्न आहे. मागें बसणाऱ्यास पट्टा लागत नाहीं, हा समज आपल्या सुशिक्षित घरांतही दृढ आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजीं पालघर जिल्ह्यांतील अपघातांत उद्योगपति सायरस मिस्त्री मृत्यु पावले. ते मागच्या आसनावर होते व त्यांनीं पट्टा बांधलेला नव्हता, असें पोलिसांनीं सांगितलें. गाडी मोलाची होती. उणीव होती ती एका पट्ट्याची. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनें पट्टा न बांधणाऱ्यास एक हजार रुपये दंड ठेवला असून, चौदा वर्षांखालील मुलास पट्ट्यानें अगर योग्य आसनांत सुरक्षित बसविण्याची जबाबदारी गाडी हांकणाऱ्यावर टाकली आहे. सहा वर्षांच्या मुलास मोठ्यांचा पट्टा गळ्यावरून जातो, म्हणून त्यास उंच करणारी बैठक घ्यावी. मांडीवरचें मूल हें बसलेलें मूल नव्हे; धडकेच्या वेळीं आईचे हात त्यास धरून ठेवूं शकत नाहींत.

आतां नवांचें काय? २०२४ सालीं आलेली नऊ आसनांची बोलेरो निओ प्लस आरंभीं साडेअकरा लाखांच्या सुमारास मिळत होती. पण तिच्याही शेवटच्या चार जागा समोरासमोरच्या बाजूच्या आहेत. घरांतलीं चार माणसें कायम तशीं बसवावयाचीं, हें आम्हांस रुचत नाहीं. सात आसनींत नऊ कोंबणें तर सर्वथा वर्ज्य. वडापाच्या जीपमध्यें "जरा सरकून घ्या" म्हणत चौदा माणसें भरलेलीं पाहून आपण नांवें ठेवतों. स्वतःच्या गाडींत दोन जास्त घेतलीं म्हणजे तेंच वडाप झालें. शिवाय सरासरी साठ किलो धरल्यास सात माणसांचेच चारशें वीस किलो होतात, वर सामान; भार वाढला कीं गाडीचें पोट जमिनीकडे येतें, थांबावयास अधिक अंतर लागतें, आणि अपघात झाल्यास विम्याचाही वाद उभा राहतो.

आमचा उपाय साधा आहे. गेल्या वर्षाचें कॅलेंडर काढून, नऊही माणसें एकत्र बाहेर पडलीं असे दिवस मोजावे. आमच्या अनुभवानें बहुतेक घरांत ते दहा-बारांहून अधिक भरत नाहींत. एरवीं कोणाची परीक्षा, कोणाची प्रकृति, कोणाचें ऑफिस असतेंच. जवळच्या सहलीस जुनी लहान गाडी जोडीला घ्यावी. म्हणून ती घाईनें विकूं नये; पांच व चार अशी वांटणी केली तर दोन्ही गाड्यांत कोणी आंखडून बसत नाहीं, आणि एक बंद पडली तर दुसरी आहे. लांबच्या प्रवासास मोठी गाडी भाड्यानें ठरवावी. ती पिवळ्या पाटीचीच असावी. खाजगी गाडी भाड्यानें देणें-घेणें बेकायदा आहे. भाड्याच्या गाडीचा एक लाभ लोक विसरतात : तिचा चालक गड चढलेला नसतो. तुम्ही वर असतां तो खालीं विश्रांति घेतो, आणि परतीचा घाट ताज्या डोळ्यांनीं उतरतो.

गाडी पक्की करण्यापूर्वीं दुकानदाराकडून ती एक सकाळ मागून घ्यावी व सात माणसें खरोखरीच बसवून कात्रजचा जुना घाट एकदां चढून उतरावा. त्या वेळीं पत्रलेखकांनीं व दोन्ही चिरंजिवांनीं आळीपाळीनें शेवटच्या ओळींत बसावें. मागचा प्रत्येक पट्टा ओढून, लावून पाहावा. ओळीच्या मागें घरच्याच पिशव्या ठेवून पाहाव्या. भरलेल्या गाडीस टायरांत हवा अधिक लागते. तो निराळा आंकडा गाडीच्या पुस्तिकेंत दिलेला असतो, तो टिपून ठेवावा.

आमचें मत विचाराल तर या घरासाठीं आम्ही पेट्रोलची अर्टिगा पसंत करूं, तिच्याहून महाग गोष्टींचा सोस न धरतां. कोंकणांतल्या घराची वाट खरोखरच बिकट असेल तर बोलेरो घ्यावी. पण ती पांच माणसांची व सामानाची गाडी समजूनच वापरावी. अर्थात् हें मत पुण्याच्या टपालांतून आलेल्या एका पत्रापुरतें. शेवटची पसंती सुनांस विचारून करावी, आणि ती सर्वांसमक्ष न विचारतां घाटाची ती चाचणी झाल्यावर, निवांतपणें विचारावी. शेवटच्या ओळींत कोणी बसावयाचें याची पाळी लावावी, व तींत वडिलांची प्रकृति ठीक असेल तोंवर त्यांचेंही नांव असावें.