तलफ नावाचा सावकार

चहा म्हणजे दारू नव्हे की गुटखा नव्हे. चहापायी कुणाचे घर लिलावात गेल्याचे आम्ही ऐकलेले नाही. म्हणून या सदरात चहाचे नाव काढले की काही वाचक म्हणतील, "आता गरिबाच्या कपभर चहावरही यांचा डोळा!" तसे मुळीच नाही. दिवसाकाठी दोन कप घेणाऱ्याने हा मजकूर वाचून घाबरून जाऊ नये. आम्ही लिहीत आहोत ते ज्यांना वेळेवर चहा मिळाला नाही की कपाळ ठणकते, हातपाय गळतात, पोरांवर उगीच हात उगारावासा वाटतो, त्यांच्यासाठी. आणि अशी माणसे आपल्या वस्त्यांत घरोघरी आहेत.

चहाची ही सवय आपल्या आजोबा-पणजोबांची नव्हे. १९०३ साली इंग्रज सरकारने कायदा करून चहाच्या निर्यातीवर उपकर बसवला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात गिरण्या, कारखाने, कोळशाच्या खाणी येथे चहाचे ठेले लागले. चहा प्याला की थकलेला मजूर पुन्हा कामाला लागतो, हे मालकांना पटवून देण्यात आले. पुढे दाणेदार सीटीसी चहा आला, थोड्या भुकटीत जास्त कप होऊ लागले आणि चहा झोपडीपर्यंत पोचला.

पण मजूर पुन्हा कामाला लागतो तो कशाच्या जोरावर? हे नीट समजून घेतले पाहिजे.

चहात आणि कॉफीत कॅफिन नावाचे द्रव्य असते. १८१९ साली रुंगे नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ते कॉफीच्या बियांतून वेगळे काढले. आपण जागे असतो तसतसे मेंदूत ॲडिनोसिन नावाचे रसायन साठत जाते आणि ते मेंदूला सांगते, "थकलास, आता थांब." कॅफिन नेमके त्याच्या जागेवर जाऊन बसते, म्हणजे निरोप पोचतच नाही. थकवा गेलेला नसतो, तो फक्त कळेनासा होतो. चहाने अंगात ताकद येत नाही, उद्याची ताकद आज उसनी मिळते. रोज रोज हे चालले की मेंदूही निरोप घेणाऱ्या जागा वाढवतो. मग पूर्वीइतकीच तरतरी यायला जास्त कप लागतात. सावकाराचे व्याज असेच चढते.

आता घरातला हिशेब मांडू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या आहारविषयक सूचनांप्रमाणे दीडशे मिलिलिटरच्या एका कप चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असते, आणि दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये असे त्यात सांगितले आहे. सहा कप झाले की १८० ते ३९० मिलिग्रॅम झाले. कपाला दोन चमचे साखर धरली तर सहा कपांत सुमारे ६० ग्रॅम, म्हणजे महिन्याला पावणेदोन किलोच्या वर साखर एका माणसाच्या पोटात. बाहेर चार कटिंग प्यायला आणि कटिंगचे १० रुपये धरले, तर महिन्याच्या २६ कामाच्या दिवसांचे १०४० रुपये झाले. वर्षाचे १२,४८० रुपये. मुलाच्या क्लासची फी भरताना हा आकडा आठवावा.

पण पैशापेक्षा मोठे नुकसान आहे ते रक्ताचे, आणि ते माता-भगिनींचे. चहातील टॅनिन हे द्रव्य भाकरी, डाळ, पालेभाजी यांतले लोह शरीरात मुरू देत नाही. म्हणून जेवणाआधी एक तास आणि जेवणानंतर एक तास चहा-कॉफी घेऊ नये, असे त्याच सूचनांत म्हटले आहे. आपल्याकडे काय चालते? सकाळी चहा-चपाती, जेवण उरकले की लगेच चहा, आणि घरातली बाई सर्वांचे ताट वाढून होईपर्यंत चहावर भूक मारून बसलेली. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या शंभरपैकी ५७ स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्याची कारणे अनेक आहेत, सगळा दोष चहाच्या माथी मारता येणार नाही. परंतु जे थोडे लोह ताटात आहे ते तरी वाया का घालवावे?

आमच्या वस्तीतील एक ताई चार घरची धुणीभांडी करतात. घरी उठल्याबरोबर एक कप, चार घरचे चार, परतल्यावर एक, संध्याकाळी दोन असे आठ कप. दुपारी दोनपर्यंत पोटात अन्न नाही. सुट्टीच्या दिवशी मात्र त्यांचे डोके हमखास दुखायचे. त्या म्हणायच्या, "दादा, आम्हाला सुट्टीच मानवत नाही बघा." खरे कारण असे की सुट्टीच्या दिवशी चार घरचे चार कप चुकायचे. ती डोकेदुखी म्हणजे सावकाराचा तगादा होता.

ताईंनी काय केले ते सांगतो, कारण ते कुणालाही जमण्यासारखे आहे. पहिला आठवडा काहीही कमी न करता कालदर्शिकेवर प्रत्येक कपाची रेघ ओढली. मग दर पाच दिवसांनी एकच कप कमी केला. आधी संध्याकाळचा दुसरा, नंतर कामावरचे. दुसऱ्या घरी पोचल्यावर त्या सांगू लागल्या, "चहा नको बाई, माझा डबा आणलाय, पाच मिनिटं बसून भाकरी खाते." एक-दोनदा डोके दुखले, पण त्या घाबरल्या नाहीत. महिनाभरात त्या दोन कपांवर आल्या. दवाखान्यात जाऊन रक्तही तपासून घेतले, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या.

चहा एकदम तोडू नये. एकदम सोडल्यावर साधारण १२ ते २४ तासांत डोकेदुखी, मरगळ, चिडचिड सुरू होते. पहिले दोन दिवस त्रास अधिक असतो आणि नऊ दिवसांपर्यंत तो राहू शकतो. पुष्कळ लोक तिसऱ्या कपाला हात घालतात ते इथेच. हळूहळू कमी केले तर हा त्रास फारसा होत नाही. भुकटी निम्मी करा, कप लहान घ्या. चहाची भुकटी न घालता गवती चहा, आले किंवा सुंठ उकळून प्या. कोरा चहा, गुळाचा चहा, ग्रीन टी यांत कॅफिन असतेच, तेव्हा फसू नका. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही ते असते. पोटात गेलेले निम्मे कॅफिन सुमारे पाच तास अंगात राहते, म्हणून रात्रपाळीच्या बांधवांनी पाळी सुटायच्या वेळचा कप आधी बंद करावा. गरोदर भगिनींनी डॉक्टरांना विचारून प्रमाण आणखी कमी ठेवावे. लहान मुलांना चहा देऊच नये. आणि तरुण मुले तरतरीसाठी ज्या 'एनर्जी' बाटल्या पितात, त्यांत कायद्याने लिटरला ३०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चालते, हे पालकांनी ध्यानात ठेवावे.

शेवटी एक नाजूक गोष्ट. एके काळी हॉटेलात आपल्या माणसांसाठी वेगळी कपबशी असे. आपल्या घरचा चहा नाकारणारी माणसे आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिली. त्यामुळे आजही कुणी "चहा नको" म्हटले की घरच्या माउलीच्या काळजात चर्र होते. तिच्या मनाला लागते, आणि पाहुणा बिचारा भिडेपोटी सातवा कप रिचवतो. म्हणून चहा कमी करणाऱ्याने नुसते नको म्हणू नये. "मावशी, चहा नको, पण तुमच्या हातचे पाणी द्या, भाकरीचा तुकडा द्या," असे म्हणावे आणि बसून खावे. यजमानांनीही आग्रह एकदाच करावा. वस्तीतील बैठकांना चहाच्या किटलीशेजारी शेंगदाणे-गूळ ठेवला, तर खर्च फार वाढणार नाही आणि उपाशी आलेल्याच्या पोटात काहीतरी पडेल.

आज रात्री घरात सर्वांचे कप मोजा. नुसते मोजा. कमी करायचे उद्यापासून.