एका श्रेयांकाची भाषा

नव्या सत्राचा आरंभ हा विद्यापीठीय जीवनातील बहुधा सर्वांत दुर्लक्षित काळ असावा. प्रवेशाची धावपळ संपलेली असते आणि परीक्षेची धास्ती अजून दूर असते; त्यामुळे या दोन-तीन आठवड्यांत विद्यार्थी विशेष काही करीत नाही, अशी शिक्षकांची व पालकांची समजूत असते. वस्तुतः त्याची पुढील चार वर्षांची राहणी याच आठवड्यांत ठरून जाते. कोठे जेवावयाचे, कोणाच्या संगतीत बसावयाचे, कोणत्या वाटेने जावयाचे आणि कोणत्या भाषेत या नव्या शहराला सामोरे जावयाचे, हे सारे तो नकळत ठरवीत असतो. आणि एकदा बसलेली घडी सहसा मोडत नाही. बंगळूरच्या पूर्वेकडील महादेवपुरा भागात शिकावयास येणाऱ्या मराठी विद्यार्थ्याच्या बाबतीत यातील शेवटच्या निर्णयाचा विचार येथे करावयाचा आहे.

महादेवपुरा 2007 साली बंगळूर महानगरात समाविष्ट झाले. तोवर तेथे स्वतंत्र नगरपालिका होती. आज कृष्णराजपुरापासून हूडी, कुंदलहळ्ळी, व्हाइटफील्डपर्यंतच्या टापूत संगणक-उद्योगाच्या कचेऱ्यांशेजारीच अभियांत्रिकी महाविद्यालयेही आहेत. मार्च 2023 मध्ये कृष्णराजपुर ते व्हाइटफील्ड मेट्रो सुरू झाली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात बैयप्पनहळ्ळीपर्यंतचा उरलेला तुकडा जोडला गेला आणि हा टापू मूळ शहराशी थेट सांधला गेला.

येथे आलेल्या लातूरच्या किंवा सांगलीच्या मुलाचा दिवस पाहावा. तो राहतो एका 'पीजी'त, तीन-चार जणांच्या खोलीत. खोलीतील सोबती बिहार, आंध्र, केरळ अशा ठिकाणांहून आलेले. त्यांच्याशी व्यवहार हिंदीत. पीजीचा चालक अनेकदा तेलुगू भाषक. त्याच्याशीही मोडकी हिंदी. वर्गात इंग्रजी. मेट्रोच्या पाट्यांवरून 2017 च्या आंदोलनानंतर हिंदी गेली. आता कन्नड व इंग्रजी आहेत, तेव्हा तो इंग्रजी वाचतो. जेवण भ्रमणध्वनीवरून मागविता येते, रिक्षाही तशीच येते. अशा रीतीने कर्नाटकाच्या राजधानीत कन्नडचा एकही शब्द न उच्चारता त्याचा पहिला आठवडा पार पडतो, आणि ज्या अर्थी पहिला आठवडा पार पडला त्या अर्थी दोनशेवाही पडेल, असा तो निष्कर्ष काढतो. हा निष्कर्ष दुर्दैवाने बरोबर ठरतो. अडल्यावाचून माणूस भाषा शिकत नाही, आणि येथे तो कोठेच अडत नाही.

बेळगावी येथे मुख्यालय असलेल्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाने यावर एक उपाय योजला आहे. त्याच्या 2022 च्या अभ्यासक्रम-योजनेत कन्नड जाणणाऱ्यांसाठी 'सांस्कृतिक कन्नड' आणि न जाणणाऱ्यांसाठी 'बळके कन्नड', म्हणजे वापरातील कन्नड, असा विषय आहे. त्याला श्रेयांक एक. संपूर्ण पदवीचे श्रेयांक 160. परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांची. विद्यार्थ्याच्या हिशेबी मनाला या आकड्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री तो काही वाक्ये घोकतो, योग्य पर्यायावर खूण करतो आणि मोकळा होतो. भाषा ही मुखाने बोलावयाची वस्तू आहे, हे त्या परीक्षेत कोठेच सिद्ध करावे लागत नाही.

मराठी मुलाच्या दृष्टीने हे विशेष खेदजनक आहे. कारण इतर अनेकांच्या मानाने कन्नड त्याला अधिक सुलभ आहे आणि हे त्याला कोणी सांगितलेले नाही. सकाळी दर्शिनीत उभ्याने तो जो 'वांगीबात' खातो, त्यातील वांगी व भात हे दोन्ही शब्द मराठीतून कन्नडात गेलेले आहेत. कन्नडचा स्वतःचा शब्द बदनेकायी. उलट त्याच्या घरच्या वरणभातावरचे तूप कन्नड 'तुप्प'शी नाते सांगते, आणि ज्यांना तो अक्का व अण्णा म्हणतो त्यांना कन्नड घरांतही तेच म्हणतात. शब्दांहून वाक्यरचनेचे साम्य अधिक खोल आहे. 'येतो म्हणून सांगून गेला' यातील 'म्हणून'ची जागा आणि कार्य कन्नडातील 'अंत' या शब्दाला तंतोतंत लागू पडते: 'बरुत्तेने अंत हेळिद'. हिंदीत येथे 'कि' येतो, तोही आधी. मराठी व कन्नड मात्र बोललेले आधी ठेवून 'म्हणून' मागाहून जोडतात. एमेन्यू या भाषाशास्त्रज्ञाने 1956 साली भारत हे एक भाषिक क्षेत्र असल्याचे प्रतिपादन केले. वेगळ्या कुळांतील भाषाही शेजाराने एकमेकींसारख्या होतात, हे त्याचे सांगणे पडताळून पाहण्यास महादेवपुऱ्यातील कोणतीही दर्शिनी पुरेशी आहे.

इतिहासही हेच सांगतो. 1638 मध्ये बंगळूर आदिलशाहीकडे आले आणि पुढे शहाजीराजांचे ठाणे झाले. जयराम पिंड्ये यांच्या 'राधामाधवविलासचंपू'त, जो वि. का. राजवाडे यांनी 1922 मध्ये प्रसिद्ध केला, त्या दरबारात अनेक भाषांतील कवींची हजेरी आढळते. अर्वाचीन काळातील उदाहरण द. रा. बेंद्रे यांचे. घरची भाषा मराठी, पदवीचे शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात, पुढे सोलापुरात अध्यापन. आणि 1973 चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला तो कन्नड काव्यासाठी. दोन भाषांत राहिल्याने त्यांची एकही भाषा उणी झाली नाही.

या प्रतिपादनावर एक गंभीर आक्षेप येईल आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. बेळगाव व सीमाभागातील मराठी माणसाने कन्नडच्या सक्तीचा अनुभव घेतला आहे. महाराष्ट्राने 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला सीमावाद आजही त्याच्या मनात जिवंत आहे. मग त्याच भाषेचे गोडवे मराठी नियतकालिकाने का गावेत? माझे उत्तर असे, की ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलली गेली तेथे राज्यसत्तेने दुसरी भाषा लादणे वेगळे. आणि आपण स्वेच्छेने ज्याच्या गावी गेलो त्याची भाषा शिकणे वेगळे. पहिल्यात हक्काचा प्रश्न आहे, दुसऱ्यात सौजन्याचा. आणि हे सौजन्य नाकारणाऱ्याच्या तोंडी हक्काची भाषा शोभत नाही. महाराष्ट्राने 2020 साली कायदा करून शाळांत मराठी अनिवार्य केली. परप्रांतातून आलेल्यांनी मराठी शिकावी ही आपली अपेक्षा रास्तच आहे. परंतु मुंबईत जी अपेक्षा धरावयाची ती बंगळुरात स्वतः पुरी करावयाची नाही, हा न्याय नव्हे.

दुसरा आक्षेप व्यावहारिक आहे: चार वर्षांनी हा मुलगा पुण्याला किंवा परदेशी जाणार, कन्नड त्याच्या काय कामाची? ज्यांना शिक्षण म्हणजे केवळ नोकरीची तयारी वाटते त्यांचे समाधान करणे कठीण आहे. तथापि नगराचा रहिवासी होणे आणि नगरात मुक्काम करणे यांत अंतर आहे. 2024 च्या उन्हाळ्यात या भागात पाण्याची तीव्र टंचाई झाली. अशा वेळी टँकर कधी येणार, बोअर का आटली, तळी कोठे गेली, हे ज्याला शेजाऱ्याला विचारता येत नाही तो तहानलेला पाहुणाच राहतो. त्या तळ्यांच्या काठची मूळ गावे आजही 'हळ्ळी' आणि 'पाळ्य' या प्रत्ययांनी स्वतःची ओळख सांगतात. ती ओळख त्याच्या कानावरून नुसती घोषणा होऊन जाते.

सक्ती हा येथे मार्ग नव्हे. पदवी अभ्यासक्रमात कन्नड अनिवार्य करण्याचा शासनाचा प्रयत्न 2022 मध्ये उच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशाने थांबला, आणि सक्तीने भाषेविषयी आस्था उपजत नाहीच. माझी सूचना लहान आहे. तंत्रशिक्षण परिषदेने प्रथम वर्षासाठी तीन आठवड्यांचा परिचय-कार्यक्रम सुचविलेला आहेच. त्यातील रोजचा एक तास बोलक्या कन्नडला द्यावा, आणि तो वर्गाबाहेर: भाजीबाजारात, बसथांब्यावर, दर्शिनीच्या गल्ल्यापाशी. परीक्षा तोंडी असावी. कन्नड भाषक वर्गमित्रांनाच शिक्षक करावे, म्हणजे हूडीच्या मुलाला आणि सांगलीच्या मुलाला परस्परांशी बोलावयास इंग्रजीखेरीज दुसरे निमित्त मिळेल. श्रेयांक एकच राहिला तरी हरकत नाही. तो सत्राच्या अखेरीस नव्हे, आरंभी मिळवावयाचा, एवढेच.

तोवर मराठी विद्यार्थ्याने विद्यापीठाची वाट पाहू नये. तो रोज ज्या गाडीने जातो तिचे नाव 'नम्म मेट्रो' आहे. मराठीत 'आमची' आणि 'आपली' हे दोन निराळे शब्द आहेत. पहिल्यात ऐकणारा बाहेर राहतो, दुसऱ्यात तो आत येतो. आजच्या कन्नडात दोहोंसाठी 'नम्म' हा एकच शब्द आहे. त्याचा अर्थ आपल्यापुरता 'आमची' न राहता 'आपली' व्हावा, यासाठी सत्राचे पहिले तीन आठवडे ही काही मोठी किंमत नव्हे.