पन्नास ग्रॅम भाजी

“पोराला कुदळच धरायची, तर शाळेत घालायचे कशाला?” जुन्नर-आंबेगावकडे शाळेतल्या परसबागेचा विषय काढला, की हा प्रश्न पुढे येतो, आणि विचारणाऱ्याला मी अडाणी म्हणणार नाही. ज्याच्या तीन पिढ्या बांधावर वाकल्या, त्याला मुलाच्या हाती लेखणीच दिसावी, यात नवल ते काय?

पण त्याचा राग चुकीच्या जागी आहे. त्याला नागवले ते कुदळीने नव्हे. कुदळ याच्या हाती आणि हिशेब दुसऱ्याच्या हाती, या वाटणीने नागवले. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगाला निवेदन दिले, त्यात प्राथमिक शाळेत अक्षरांबरोबर शेतीचे आणि आरोग्याचेही ज्ञान मागितले. ते काही कुणब्याच्या पोराला शेतात डांबायला निघाले नव्हते! हाच तास पुण्यातल्या वकील-डॉक्टरांच्या मुलांनाही ठेवा, म्हणजे बापाचा संशय फिटेल.

माझे भांडण आहे ते देखाव्याशी. चुना फासलेल्या विटा, मध्ये चार झेंडू, सुवाच्य अक्षरांतली पाटी, आणि तपासणीच्या आदल्या दिवशी पाणी! त्यातली मेथी ताटात पडते की नाही, हे पाहायला साहेब थांबत नाहीत.

आता थोडा हिशेब. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज ५० ग्रॅम भाजी धरली आहे. शंभर मुलांची पाच किलो झाली. अंगणातल्या दोन वाफ्यांतून ती रोज निघेल म्हणणाऱ्याने वाफा कधी केलेला नसावा. बाग पातेले भरण्यासाठी नसतेच मुळी. वाफ्याचे क्षेत्रफळ काढावे, बियांतले अंतर मोजावे, पालेभाजीवर लिंबू पिळले की तिच्यातले लोह अधिक अंगी लागते हे जेवता जेवता कळावे, यासाठी ती असते. शेजारच्या शिरूर तालुक्यात, पाबळला, डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. तेथून माध्यमिक शाळांत गेलेल्या अभ्यासक्रमात मुले आठवड्यातला एक दिवस हातांनी काम करून शिकतात. शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य हे त्याचे रीतसर विभाग आहेत. फावल्या वेळचा छंद नव्हे!

आणि शिक्षक कोठून आणणार? भीमाशंकरच्या डोंगरात जाऊन पाहा. पावसाळ्यात भारंगी केव्हा खुडावी, कोणता पाला उकळून पाणी टाकून द्यावे, हे तिथल्या आजीबाईंना तोंडपाठ असते. त्यांना वर्गात बोलवा. फुकट मात्र नको, मानधन देऊन.

उन्हाळ्यात बाग वाळते, ही तक्रार खरी आहे. मार्चनंतर विहिरी तळ गाठतात तेथे वाफ्यांचा हट्ट धरूच नये; पावसाळ्यात घेवडा, भोपळा लावावा आणि बी राखून ठेवावे. एरवी जेवण झाल्यावर पोरे हात धुतात, ताटे विसळतात. ते पाणी आधी अळूच्या वाफ्यात सोडावे. पाटी मागाहून रंगवली तरी चालेल.